तीच पंधरा विधाने, वेगळ्या वयांची माणसे

२००५ साली ब्रिटनमधल्या हजारो घरांत नेहमीच्या सर्वेक्षणाच्या कागदांबरोबर पंधरा विधानांचा एक लहानसा तक्ता गेला. सर्वेक्षणाचे नाव ब्रिटिश हाउसहोल्ड पॅनल सर्व्हे. १९९१ पासून दरवर्षी त्याच कुटुंबांना गाठायचे आणि उत्पन्न, घर, नोकरी, आजारपण यांची चौकशी करायची, असा एसेक्स विद्यापीठातून चालणाऱ्या या उपक्रमाचा शिरस्ता. त्या वर्षी स्वभावाचीही चौकशी झाली. तुम्ही बोलके आहात का? फार काळजी करता का? काम नीट, शेवटपर्यंत करता का? कधी कधी लोकांशी उद्धटपणे वागता का? कल्पनाशक्ती दांडगी आहे का? प्रत्येक विधानापुढे १ ते ७ यांपैकी एका आकड्यावर खूण करायची. उत्तरे देणारी १४,०२१ माणसे पुढे अभ्यासली गेली. त्यांतला सर्वांत लहान १५ वर्षांचा, सर्वांत मोठा ९९ वर्षांचा.

एवढी सामग्री हाती आली की कोणालाही मोह होतो तो सरळ हिशेबाचा. पंचविशीतल्यांची सरासरी काढा, सत्तरीतल्यांची काढा, वजाबाकी करा आणि जाहीर करा : वय वाढले की माणूस शांत होतो, किंवा आळशी होतो, किंवा जे काय निघेल ते. या वजाबाकीत एक गृहीत मुकाट्याने शिरलेले असते. पंचविशीतला आणि सत्तरीतला ते विधान एकाच रीतीने वाचतात, आणि स्वभाव सारखाच असेल तर एकाच आकड्यावर खूण करतात, हे ते गृहीत. ते खरे आहे का, हे तपासण्याची एक रीतसर पद्धत आहे. संशोधन-निबंधांत तिला फार तर दोन परिच्छेद मिळतात आणि बातम्यांत तर तिचा पत्ताच नसतो. माझ्या मते मात्र वय आणि स्वभाव यांविषयीच्या कोणत्याही दाव्यात आधी तेच दोन परिच्छेद वाचावेत.

आधी पंधरा विधानांतून पाच गुण कसे निघतात ते पाहू. पंधरा विधानांच्या एकमेकांशी १०५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीचा सहसंबंध काढला की दिसते, की काही विधाने एकत्र हलतात. जो 'फार काळजी करतो'पुढे ६ लिहितो, तो 'चटकन घाबराघुबरा होतो'पुढेही बहुधा ५ किंवा ६ लिहितो. मग संशोधक म्हणतो, की या दोन्ही उत्तरांच्या मागे न दिसणारे एकच काहीतरी असावे. या न दिसणाऱ्या गोष्टीला घटक म्हणतात. चार्ल्स स्पिअरमनने १९०४ साली बुद्धीच्या बाबतीत हा विचार मांडला. पुढे थर्स्टनने एकाऐवजी अनेक घटकांचे गणित बसवले. १९६१ मध्ये अमेरिकी हवाई दलासाठी काम करणाऱ्या ट्यूप्स आणि ख्रिस्टल यांना स्वभावाच्या वर्णनांत पुन्हा पुन्हा पाचच घटक सापडले, आणि ऐंशीच्या दशकापासून या पाचांचेच राज्य आहे : बहिर्मुखता, सौहार्द, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता आणि नव्या अनुभवांविषयीचा खुलेपणा. ब्रिटनच्या तक्त्यात प्रत्येकाच्या वाट्याला तीन विधाने होती.

एखादे विधान आपल्या घटकाशी किती घट्ट बांधलेले आहे, हे सांगणारा आकडा म्हणजे घटकभार. गुण एका मापाने वाढला तर त्या विधानावरचे उत्तर किती वाढते, हे त्यातून कळते. दुसरा आकडा आरंभबिंदूचा. ज्याच्यात तो गुण अगदी मध्यम आहे, अशा माणसाचे त्या विधानावरचे अपेक्षित उत्तर किती, ते हा आकडा सांगतो. उरते ती त्या विधानापुरती, घटकाशी संबंध नसलेली चढउतार. सगळे उत्तर या तिहींत मावते : आरंभबिंदू, अधिक घटकभार गुणिले गुणाची पातळी, अधिक उरलेली चढउतार. सगळी तपासणी या एका ओळीवर चालते. आता वयाचे गट पाडायचे, समजा ३५ पर्यंतचे, ३६ ते ६० चे आणि साठीपुढचे, आणि ही ओळ तिन्ही गटांत कितपत सारखी आहे ते एकेक पायरी चढत पाहायचे.

पहिल्या पायरीवर नुसता आराखडा तपासतात. तिन्ही गटांत पाचच घटक निघतात का, आणि प्रत्येक विधान त्याच घटकाखाली येते का? साठीपुढच्यांत 'बोलका' हे विधान बहिर्मुखता सोडून सौहार्दाच्या विधानांबरोबर हलू लागले, तर तिथेच थांबायचे. मग पुढे तुलना कशाची करणार?

दुसऱ्या पायरीवर घटकभार सगळ्या गटांत सारखे धरून गणित पुन्हा मांडतात आणि ते किती बिघडते ते पाहतात. खुलेपणाखालचे एक विधान कलेची, सौंदर्याची कदर असण्याविषयी आहे. तरुणांत हे विधान खुलेपणा चांगले दाखवते, पण वृद्धांत त्याचे उत्तर शाळेत काय शिकलो, घरात काय ऐकले यावरच जास्त ठरते, असे झाले तर भार वेगळे पडतील. भार सारखे निघाले तर निदान संबंधांची तुलना करता येते. खुलेपणाचा प्रकृतीशी संबंध तरुणांत जास्त की वृद्धांत, हा प्रश्न विचारता येतो. सरासरी मात्र अजून शिवायची नाही.

सरासरीसाठी तिसरी पायरी लागते, ती आरंभबिंदूंची. दुसरी आणि तिसरी पायरी यांतला फरक भाजीवाल्याच्या काट्यावर लगेच कळतो. एक काटा किलोला नऊशे ग्रॅम दाखवतो, जितके जड तितकी चूक मोठी. दुसरा काटा अगदी बरोबर वाढतो, पण रिकाम्या पारड्यालाच पन्नास ग्रॅमवर उभा असतो. पहिल्या काट्याचा दोष भाराचा, दुसऱ्याचा आरंभबिंदूचा. दोन दुकानांतल्या मालाचे वजन ताडून पाहायचे तर दोन्ही दोष नकोत.

एक विधान हातात घेऊन पाहू. कर्तव्यदक्षतेखालच्या तीनांत एक विधान आळशीपणाचे आहे. ते उलटे असल्याने गुण देताना फिरवून घेतात, म्हणजे ७ चा अर्थ 'मुळीच आळशी नाही'. समजा दोन माणसे कर्तव्यदक्षतेत तंतोतंत सारखी आहेत. एक तिशीतली, सकाळी आठला घर सोडणारी नोकरदार बाई. दुसरे सत्तरीतले निवृत्त गृहस्थ. बाई त्या विधानाची मोजदाद कचेरीतल्या कामाशी करते आणि ५ लिहिते. गृहस्थ सकाळी सावकाश चहा घेतात, दुपारी डुलकी काढतात. फुटलेला नळ असो की भरायचे बिल, काम अंगावर घेतले की पुरे करतात. पण 'आळशी' शब्दाशी येताच डुलकी आठवते आणि ते ४ लिहितात. स्वभावात फरक शून्य, उत्तरात एक.

आता गटाच्या पातळीवर हाच फरक एकाऐवजी ०.६ धरू. हे आकडे मी समजुतीसाठी घेतलेले आहेत. बाकीची दोन विधाने चोख वागतात असे माना. तीन विधानांची सरासरी काढली की वृद्धांचा आकडा ०.२ ने खाली येतो. मोजपट्टीचे प्रमाण विचलन १ च्या आसपास असेल, तर हा प्रमाण विचलनाचा पाचवा हिस्सा झाला. दिसायला किरकोळ. पण दहा वर्षांत स्वभाव बदलला म्हणून जे फरक निबंधांत येतात, तेही बरेचदा याच मापाचे असतात. एका विधानाच्या डुलकीतून अख्खा 'वृद्धांची कर्तव्यदक्षता घटते' हा निष्कर्ष उभा राहू शकतो. साठ विधानांच्या प्रश्नावलीत एवढे नुकसान होत नाही, तिथे एकाची चूक बारा जणांत वाटली जाते. पंधरा विधानांत प्रत्येकाचा वाटा तिसरा हिस्सा.

चौथी पायरीही आहे, उरलेली चढउतार सगळ्या गटांत सारखी आहे का हे पाहण्याची. गणिताने काढलेल्या घटकांऐवजी कच्च्या बेरजा वापरायच्या असतील तर तिची गरज पडते. ती क्वचितच पुरी होते आणि तिच्यावाचून फारसे अडतही नाही.

'बिघडले' हे ठरवायचे कसे, यावर बरीच शाई खर्च झाली आहे. जुनी काय-वर्ग कसोटी मोठ्या नमुन्यात निकामी ठरते. चौदा हजार माणसे असली की ती केसाएवढ्या फरकालाही नापास करते. म्हणून शून्य ते एक यांमध्ये फिरणारा एक निर्देशांक वापरतात, आणि पायरी चढताना तो ०.०१ पेक्षा जास्त घसरला तर समानता मोडली असे धरतात. ही रेघ च्युंग आणि रेन्सवोल्ड यांनी २००२ मध्ये सुचवली. सुचवली, आखून दिली नव्हती. आता ०.००९ वाला निबंध पास आणि ०.०११ वाला नापास, अशी तिची पोथी झाली आहे. शिवाय हा निर्देशांक सगळ्या विधानांचा मिळून एक असतो. चौदा विधाने नीट आणि एक पार फिसकटलेले, अशी स्थिती त्याखाली सहज झाकली जाते. नापास झाले तरी सगळे फेकून द्यायचे नसते. बर्न, शॅव्हलसन आणि मुथेन यांनी १९८९ मध्येच दाखवले, की दोषी विधान शोधून तेवढ्याचा आरंभबिंदू मोकळा सोडावा आणि उरलेल्यांच्या बळावर तुलना करावी. तीनांतले एक सोडले की दोनच उरतात, ही छोट्या प्रश्नावलीची अडचण आहेच. पण मला त्या दोषी विधानातच जास्त रस वाटतो. 'आळशी' हा शब्द निवृत्तीनंतर वेगळा मोजला जातो, हेही वयाविषयीचे ज्ञानच आहे. निबंधाच्या तळटीपेत त्याची रवानगी होते ती बिचाऱ्यावर अन्याय करून.

इथवर सगळे सोपे वाटले असेल. प्रत्यक्षात पहिली पायरीच कित्येक वर्षे कोणाला नीट चढता येत नव्हती, आणि ही गोष्ट मजेची आहे. १९६९ पासून, स्वीडनच्या कार्ल योरेस्कोगच्या कामामुळे, आराखडा आधी मांडून मग सामग्रीवर पारखण्याची पद्धत रूढ झाली. तिचा नेहमीचा आराखडा कडक असतो : प्रत्येक विधान आपल्या एकाच घटकाचे, बाकी चारांशी त्याचा संबंध शून्य. पंधरा विधाने आणि पाच घटक म्हणजे पंचाहत्तर जागा. पैकी पंधरा भरायच्या, साठ जागी सक्तीचे शून्य. स्वभाव असा वागत नाही. दांडगी कल्पनाशक्ती असलेला माणूस थोडा बोलकाही असतो. उद्धटपणा सौहार्दाचा अभाव दाखवतो, पण त्यात थोडी चिडचिड, म्हणजे अस्थिरताही असते. असे साठ बारीक बारीक संबंध शून्यावर दाबले की आराखडा सामग्रीला बसत नाही. शिवाय एक खोड निघते. दाबलेले संबंध कुठूनतरी वाट काढणारच, आणि मोकळी वाट एकच असते, घटकांच्या आपसातल्या सहसंबंधाची. मग पाच गुण एकमेकांशी जितके जोडलेले असतात त्याहून जास्त जोडलेले दिसू लागतात.

सर्वांत प्रसिद्ध प्रश्नावली, कोस्टा आणि मॅक्रे यांची निओ-पीआय-आर, या कसोटीत सपाटून आपटली. १९९२ साली आलेल्या या प्रश्नावलीत २४० विधाने, तीस उपगुण आणि पाच मुख्य घटक आहेत. १९९६ मध्ये मॅक्रे आणि सहकाऱ्यांनी आरोप उलटवला. देशोदेशी, पुन्हा पुन्हा तीच रचना सापडते आणि तरीही ती कसोटीत नापास होते, तर दोष कसोटीचा का नसावा? त्यांनी दुसरी वाट धरली. एका गटाची घटकरचना दुसऱ्याच्या रचनेवर जमेल तितकी नेमकी फिरवून बसवायची आणि जुळणीचा गुणांक काढायचा. ही वाट व्यवहारी आहे, पण ती पहिल्या पायरीच्या पुढे फारशी जात नाही. आरंभबिंदूंविषयी ती मूग गिळून बसते, आणि वयाच्या तुलनेत खरी मेख तिथेच आहे.

मधला मार्ग २००९ मध्ये निघाला. अस्पारुहोव्ह आणि मुथेन यांनी दोन्ही पद्धती एकत्र आणल्या. साठही जागा मोकळ्या ठेवायच्या, छोटे संबंध छोटेच राहू द्यायचे, आणि तरीही गटागटांत भार, आरंभबिंदू समान धरून पायऱ्या चढायच्या. हर्बर्ट मार्श, बेंजामिन नागेंगास्ट आणि अलेक्झांडर मोरिन यांनी २०१३ मध्ये हीच पद्धत ब्रिटनच्या त्या १४,०२१ उत्तरांना लावली. कडक आराखड्यापेक्षा ती कितीतरी चांगली बसली, आणि घटक एकमेकांपासून बरेच सुटे झाले. एवढी मोकळीक दिल्यावर काय वाटेल ते बसेल, असा आक्षेप घेतला जातो. त्यात थोडे तथ्य आहे. मोकळ्या सोडलेल्या जागांतले आकडे खरोखरच लहान आले का, हे वाचणाऱ्याने तक्ता उघडून पाहावे. नुसत्या निर्देशांकावर विसंबू नये.

निष्कर्ष अपेक्षेपेक्षा वेगळे निघाले. प्रौढपणी माणूस सर्व अंगांनी परिपक्व होत जातो, सौहार्द आणि कर्तव्यदक्षता वाढते, अस्थिरता घटते, असा समज होता. रॉबर्ट्स, वॉल्टन आणि फिष्टबाउअर यांनी २००६ मध्ये ९२ नमुन्यांवरचे अभ्यास एकत्र करून त्याला मोठे बळ दिले होते. मार्श यांच्या आकड्यांत म्हातारपणी सौहार्द वाढलेले आणि अस्थिरता घटलेली दिसली, हे जुळले. पण कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता आणि खुलेपणा मात्र खाली गेलेले दिसले. त्यांनी याला इटालियन नाव दिले, 'ला दोल्चे व्हिता'. कमावण्याची धावपळ संपली, आहे त्यात समाधान आहे, लोकांनी काय म्हणावे याची पर्वा उरली नाही. वर्णन गोड आहे. मघाचे डुलकीवाले गृहस्थ मात्र मी अजून मनातून काढलेले नाहीत. कर्तव्यदक्षतेची तिन्ही विधाने 'काम' याच गोष्टीभोवती फिरतात. काम संपलेल्या वयात तिन्ही एकदमच सरकली, तर कोणतीही पायरी ते पकडू शकत नाही. ही पद्धत एका विधानाला दुसऱ्याच्या साक्षीने तपासते. सगळे साक्षीदार एकाच बाजूला झुकले, तर तो झुकाव तिला स्वभावातला बदल म्हणूनच दिसतो.

अशा सामूहिक झुकावाचा एक प्रकार सर्वांच्या परिचयाचा आहे : विचारणाऱ्याला 'हो' म्हणून टाकण्याची सवय. तुम्ही बोलके आहात का, हो. अबोल आहात का, तेही हो. काही विधाने उलटी ठेवण्याचे कारण हेच. रामष्टेट, गोल्डबर्ग आणि बोर्ग यांनी २०१० मध्ये दाखवले, की कमी शिकलेल्या गटांत पाच घटकांची रचना विस्कटलेली दिसते आणि ही होकाराची सवय हिशेबातून वजा केली की बरीच सावरते. याचा वयाशी संबंध उघड आहे. जवळपास सगळीकडे आजच्या वृद्धांचे शालेय शिक्षण आजच्या तरुणांपेक्षा कमी झालेले आहे. वयाचा म्हणून दिसणारा फरक मुळात शाळेचा असू शकतो.

विचारण्याची रीतही महत्त्वाची. जर्मनीत २००५ मध्ये अशाच पंधरा विधानांची प्रश्नावली मोठ्या कौटुंबिक सर्वेक्षणात वापरली गेली. फ्रीडर लँग आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तीन रीती ताडून पाहिल्या : समोर बसून विचारणे, कागद देऊन स्वतः भरायला सांगणे, आणि फोन. तरुण व मध्यमवयीन माणसांत तिन्ही रीतींनी रचना टिकली. वृद्धांत फोनवर ती बिघडली. कारण साधे आहे. कागदावर विधान आणि सात आकडे डोळ्यांसमोर असतात. फोनवर मात्र विधान ऐकायचे, सातांची मोजपट्टी डोक्यात धरायची, कोणते टोक कशाचे ते आठवायचे आणि स्वतःविषयी विचारही करायचा. हा भार स्मरणशक्तीवर पडतो, आणि तो स्वभाव म्हणून नोंदला जातो.

गट कुठे तोडायचे हाही घोळ आहेच. ३५ आणि ३६ यांच्यात कुंपण कोणी घातले? म्हणून अलीकडे वय सलग धरून, प्रत्येक वयाच्या आसपासच्या माणसांना जास्त वजन देत रचना सरकती पाहण्याचे तंत्र वापरू लागले आहेत. रचना नेमकी कोणत्या वयापासून सैल होऊ लागते हे त्यातून दिसते. पिढीचा प्रश्न मात्र कोणत्याही तंत्राने सुटत नाही. २००५ साली ऐंशीचा असलेला ब्रिटिश माणूस १९२५ च्या सुमाराचा, म्हणजे महायुद्धात आणि रेशनवर तारुण्य काढलेला. त्याची शिस्त वयाची की काळाची, हे एकाच वर्षीच्या पाहणीतून सांगता येत नाही. त्याच माणसांना काही वर्षांनी पुन्हा विचारावे लागते, आणि मग तीच पायऱ्यांची तपासणी पहिल्या व दुसऱ्या वेळेच्या उत्तरांमध्ये नव्याने करावी लागते.

मराठीत या कामाचा पाया घातला गेला आहे. निओ-पीआय-आरची मराठी आवृत्ती लोधी, देव आणि बेल्हेकर यांनी तयार केली, आणि मॅक्रे व अल्लिक यांनी संपादित केलेल्या २००२ च्या ग्रंथात तिच्यावर प्रकरण आहे. मॅक्रे यांच्या अनेक संस्कृतींच्या तुलनांत मराठी भाषकांचा नमुना याच वाटेने आला. या मराठी विधानांवर वयोगटांची तुलना करायला कोणी बसले तर वर सांगितलेली प्रत्येक अडचण एकेक करून दारात उभी राहील. २४० विधाने एका बैठकीत वाचून भरणे चौथीपर्यंत शाळा शिकलेल्या आजींना जड जाणार, म्हणून नात शेजारी बसून वाचून दाखवणार. आजी नातीसमोर 'मी कधी कधी लोकांना टाकून बोलते' याला काय उत्तर देतील? नात एखादे अवघड विधान आपल्या शब्दांत सोपे करून सांगणार, क्वचित 'अगं आजी, तू तर अशीच आहेस' म्हणत आकडाही स्वतःच भरणार. अशा रीतीने भरलेल्या प्रती स्वतः भरलेल्या प्रतींपासून वेगळ्या ठेवाव्या लागतील. साठीपुढच्यांची साठीपुढच्यांशीच, म्हणजे स्वतः भरणाऱ्यांची आणि वाचून घेणाऱ्यांची, पायऱ्यांची तपासणी आधी करावी लागेल. तरुणांशी तुलना त्यानंतर.